सड्यावरची गिनती

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. दोनदा मोबाईलवर अर्धं टाईप केलं, दोनदा खोडलं. आमच्या घरात ही गोष्ट एकाच पद्धतीनं सांगितली जाते आणि ती तशीच बरी आहे, असं मला वाटायचं. पण उद्या सकाळी आम्ही परत तिकडंच निघालोय. आणि आज दुपारी जमीरनं मला जे सांगितलं ते कुठंतरी उतरवून ठेवल्याशिवाय माझ्याच्यानं उद्या गाडी चालवली जाणार नाही.

जागेचं नाव लिहीत नाही. जमीरनंच सांगितलंय, लिहायचं तर लिही, नाव नको. आमच्या पश्चिमेला डोंगराच्या माथ्यावर खडकाची मोठमोठी सपाट मैदानं असतात, त्यांना सडा म्हणतात. पावसाळा सरत आला की सगळा सडा फुलांनी भरतो. असे सडे पुष्कळ आहेत. त्यातला कुठलाही समजा.

तर सहा वर्षांपूर्वी. जंगलखात्याच्या कँपच्या गेटपाशी आम्ही गाडीतनं उतरलो आणि अण्णांनी कमरेवर हात ठेवून आवाज दिला, "गिनती कर."

माझे वडील शाळेत पी.टी.चे सर होते. आम्ही लहानपणापासून कुठंही गेलो, जत्रेला, एसटी स्टँडवर, लग्नात, तरी बाहेर पडताना गिनती व्हायची. अण्णा एक, आई दोन, दादा तीन, माझी बहीण तेजल चार, मी पाच. लग्नात लोक हसायचे. आम्हाला लाज वाटायची पण तोंडातनं नंबर आपोआप निघायचा. आई तर भाकरी थापता थापता ओट्यापासून 'दोन' म्हणायची.

"एक," अण्णा म्हणाले.

"दोन," आई.

पुढं काहीच आलं नाही.

तीन म्हणणारा धैर्यशीलदादा वर्षभरापूर्वी गेला होता. पुण्यात नोकरीला होता, खोलीवर ताप आला, अंगावर काढला, आम्ही पोचेपर्यंत संपलं होतं. त्यानंतर घरात गिनती झालीच नव्हती. कुठं बाहेर पडलोच नव्हतो ना. त्यामुळं नंबर बदलायचे राहून गेले होते. हे त्या गेटपाशी उभं राहिल्यावर आमच्या ध्यानात आलं.

तेजल हळूच म्हणाली, "अण्णा, मी तीन म्हणू का?"

"तू चारच म्हणायचं," आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं.

"चार," तेजल म्हणाली.

"पाच."

मग अण्णांनी जमीरकडं बघितलं. जमीर मुजावर, माझा बालवाडीपासूनचा दोस्त. गाडी त्याच्या मामाची होती आणि आमच्यात तेव्हा गाडी त्यालाच येत होती. दादानंच शिकवली होती त्याला.

"जमीर, तू सहा," अण्णा म्हणाले.

"सहा, सर," जमीर म्हणाला, आणि त्यानं पाय जुळवून असा काही सॅल्यूट ठोकला की आईच्या तोंडावर थोडं हसू आलं.

आलो होतो ते आईसाठी. दादा मित्रांबरोबर या सड्यावर एकदा येऊन गेला होता. गुलाबी फुलांत उभा राहून फोटो काढला होता आणि आईला पाठवला होता. पाठीमागं एक दगड आणि बाकी नुसतं पांढरं, ढग. खाली लिहिलं होतं, पुढच्या फुलांना तुला घेऊन येतो. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, मला तिथं न्या. वर्षभर तिनं काही मागितलं नव्हतं. एका वेळची अर्धी भाकरी खायची, तीपण तेजल समोर बसली तर. डॉक्टर म्हणाले होते की मन रमेल असं काहीतरी करा. म्हणून तंबू, म्हणून हे सगळं.

संध्याकाळी कँपवर पिठलं-भात खाताना जमीरनं आवाज काढले. ती त्याची कला होती. शाळेत सगळ्या सरांचे आवाज काढायचा आणि सगळ्यात चांगला अण्णांचा. अण्णा समोर बसलेत आणि हा त्यांच्याच आवाजात म्हणतोय, "काय रे, बूट कुठायत? घरी ठेवलेस? मग पायपण घरी ठेवून यायचे." आई पदर तोंडाला लावून हसली. मी आणि तेजलनं एकमेकांकडं बघितलं. किती दिवसांनी.

"मेल्या, तुला पास केलं हीच चूक झाली माझी," अण्णा म्हणाले.

"सर, पी.टी.त कोण नापास होतं का?"

"तू होणार होतास. धैर्यशील मध्ये पडला म्हणून सोडलं."

दादाचं नाव निघालं आणि परत सगळे जेवायला लागलो.

सकाळी उन्हं पडल्यावर निघालो. कँपवरचे राखणदार मामा म्हणाले, "वाट सोपी हाय. उजव्या अंगाला चुना लावलेले दगड हायत, ते धरून जायचं. डाव्या अंगाला कडा. तिकडं फुलं बरी दिसत्यात म्हणून जाऊ नका. आन् ढग उतरला तर हाय तिथं बसायचं, चालायचं नाही. येतो तसा जातो."

तेजलनं आईसाठी बूट आणले होते. आईनं घातले नाहीत. "माझा जन्म गेला चपलांवर. डोंगर काय बूट बघून वर घेतोय का?"

वर पोचलो. मी तोवर एवढं मोकळं कधी बघितलं नव्हतं. जिथवर नजर जाईल तिथवर गुलाबी तेरडा, मध्येच पिवळी सोनकी, मध्ये काळा खडक आणि त्यातल्या खळग्यांत पाणी. डावीकडं फुलं एका रेषेत संपत होती आणि पुढं काही नव्हतं. तिथं जमीन संपून खाली कोकण होतं. उजवीकडं चुन्याचे दगड दूरवर गेले होते.

आईनं फोन काढला. फोटो मोठा करून करून बघायला लागली. एकदा फोटोकडं, एकदा सड्याकडं.

"हा दगड बघ गं," ती तेजलला म्हणाली. "हा उंटाच्या पाठीसारखा. त्याच्या मागं आहे. तो बघ, तिकडं." तिचं बोट डावीकडं होतं, अगदी कड्याजवळ.

"तिकडं नाही जायचं, सुलभा," अण्णा म्हणाले. "इथनं बघ. दिसतंय की."

"तो गेला होता ना तिकडं."

"तो पोरगा होता."

आईनं फोन पिशवीत ठेवला आणि चालायला लागली. पण मी मागनं बघत होतो, ती वाटेकडं बघत नव्हती. मान सारखी डावीकडं.

ढग उतरताना आधी आवाज जातात. मला ते माहीत नव्हतं. किडे किरकिरत होते ते थांबले, वारा थांबला, आणि कड्याच्या बाजूनं पांढरं काहीतरी जमिनीलगत सरकत आलं, जसं भात उतू गेल्यावर पेज ओट्यावरनं पसरते तसं. अण्णा म्हणाले, "बसा सगळे." बसेपर्यंत मला माझेच बूट दिसेनासे झाले. तेजल माझ्या पुढ्यात होती, तिच्या लाल जर्किनचा नुसता डाग राहिला. मग तोपण गेला. जमीर मागं होता, त्यानं माझ्या सॅकचा पट्टा धरून ठेवला होता.

"भारीय राव," तो माझ्या कानाशी म्हणाला. "दुधात पडल्यागत."

"गप."

"गिनती कर," अण्णांचा आवाज आला. "एक."

"दोन."

तेवढी जागा रिकामी गेली.

"चार."

"पाच."

"सहा."

काही वेळ गेला. कपडे ओले झाले. अण्णांनी परत आवाज दिला.

"एक."

"दोन."

"तीऽन."

"चार," तेजल म्हणाली. "पाच," मी म्हणालो. "सहा," जमीर माझ्या कानाशी म्हणाला.

सगळं एका लयीत झालं. अगदी पूर्वी व्हायचं तसं. आणि सहा म्हणून झाल्यावर मला कळलं की आम्ही काय केलंय. कुठंच अडखळलो नव्हतो. चारच्या आधी जागा रिकामी राहिली नव्हती.

दादा कंटाळलेला असायचा गिनतीला. तीन म्हणताना जांभई दिल्यासारखा लांबवायचा. तीऽन. तसंच होतं. आलं डावीकडनं.

माझ्या सॅकच्या पट्ट्यावरची जमीरची मूठ घट्ट झाली, ते मला खांद्यात जाणवलं. तेजलचा हात चाचपत आला आणि माझं मनगट सापडल्यावर त्यावर आवळला. गार पडला होता.

"कुणी म्हटलं?" अण्णा म्हणाले. शाळेतला आवाज लावला होता त्यांनी, पण तो लागत नव्हता. "चेष्टा नको. कुणी म्हटलं ते?"

"मी नाही," मी म्हणालो.

"सर, मी नाही. आईशप्पथ," जमीर म्हणाला. मी त्याचा श्वास माझ्या मानेवर ऐकत होतो. तो नव्हताच.

"सुलभा?"

उत्तर नाही.

"सुलभा, अगं, बोल की. कुठं आहेस?"

काहीच नाही. मग कपड्याचा आवाज आला, ओली साडी गवताला घासते तसा. डावीकडं जाणारा.

"आई," तेजल ओरडली. "आई, बस तिथंच. आई."

आई ओ देत नव्हती. अण्णा उठले असावेत, कारण दगड वाजला आणि ते पडल्याचा आवाज आला. "मला लागलं नाही," ते म्हणाले. "कुणी उठू नका. कुणी चालू नका." मग त्यांचा श्वास नुसता. आणि मग त्यांनी जे केलं ते का केलं, त्यांना कसं सुचलं, मला आजही माहीत नाही. एवढी हाक मारून बाई बोलत नाही, आणि ते एकदम शांतपणे म्हणाले, "एक."

"दोन," आई म्हणाली.

लांबनं. पार लांबनं. नावानं बोलत नव्हती, पण नंबर सुटला नव्हता.

"तीऽन."

तिच्याही पलीकडनं. तेजल चार म्हणूच शकली नाही. ती माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडत होती. मी तिचा चार म्हटला, माझा पाच म्हटला, का म्हटला कुणास ठाऊक, थांबायचं धाडस झालं नाही. जमीरनं सहा म्हटलं. कानाशीच. आणि मग माझ्या सॅकचा पट्टा सैल झाला.

"जमीर?"

तो नव्हता तिथं.

"एक," अण्णा म्हणाले. आता त्यांचा आवाज रडका झाला होता.

"दोन." अजून लांबनं. कड्याला लागून असेल एवढं लांब.

मग थोडं थांबून, "तीऽन."

उजवीकडनं. आमच्या मागनं, चुन्याच्या दगडांच्या अंगानं. तोच आवाज. तीच जांभई.

"चार. पाच," मी म्हणालो. सहा आलं नाही. जमीरची वाचा बसली असणार असं मला वाटलं.

"एक."

"दोन." या वेळी जरा जवळनं. नक्की जवळनं.

"तीऽन," उजवीकडनं.

"एक," अण्णा म्हणाले, माझी गिनती पुरी व्हायची वाट न बघता. त्यांना आता तेवढंच पाहिजे होतं. "दोन." "तीऽन." उजवीकडच्या या तिसऱ्या वेळी तो आवाज घुमल्यासारखा वाटला, दोन्ही बाजूंनी आल्यासारखा, आणि आईचे पाय थांबले. तेवढं मला ऐकू आलं, गवताचा आवाज थांबला. काहीच होत नव्हतं. मी तेजलचं डोकं धरून बसलो होतो. मग परत उजवीकडनं एकट्यानं आलं, अण्णांनी एक म्हणायच्या आधीच, जोरात, जवळजवळ हाक मारल्यासारखं, "तीऽन." आणि गवत परत वाजायला लागलं. आमच्याकडं येणारं.

आई ढगातनं आमच्या अंगावरच आली. ती आम्हाला ओलांडून पुढं उजवीकडं चालली होती. अण्णांनी तिचा पाय धरला आणि सोडला नाही.

ढग गेला तो जसा आला तसाच. एकदम ऊन. फुलांवर पाणी चमकायला लागलं. तेजलनं विचारलं, "आई, चप्पल कुठाय?" तिच्या एका पायात चप्पल नव्हती.

ती चप्पल आम्हाला दिसली. उंटाच्या पाठीसारख्या दगडाच्या पुढं, तेरड्यात. चपलेच्या पुढं हातभर फुलं, आणि त्यापुढं कोकण. आणायला कुणी गेलं नाही.

जमीर मागं चुन्याच्या एका दगडाला टेकून उभा होता. चेहरा राखेसारखा.

"कुठं गेला होतास रे?" मी म्हणालो.

"लघवीला."

"आत्ता?"

"लागली तर काय करू."

नंतर वर्षानुवर्षं मी त्याला यावरनं छळलंय. जमीरची भीतीनं झाली, चार मित्रांत कितीदा सांगितलंय. तो हसायचा. कधी काही बोलला नाही.

उतरताना आईनं अण्णांचा हात धरला होता. ती म्हणाली, "तो तिकडं उभा होता हो. त्याच्या जागेवर. मी चालले होते त्याच्याकडं. मग म्हणाला नको, मागं फीर. मागं जाऊन बोलला. मला वाटेवर आणून सोडलं त्यानं." तिचा चेहरा मोकळा झाला होता. कँपवर पोचल्यावर आईनं दोनदा भात मागून घेतला.

आमच्या घरात ही गोष्ट अशी सांगतात. दादानं आईला कड्यावरनं मागं आणलं. आई बरी झाली. खायला लागली, बोलायला लागली, तेजलचं लग्न केलं, बाळंतपण केलं. अण्णा ही गोष्ट कधी सांगत नाहीत पण कुणी सांगत असलं तर मान हलवतात. गिनती मात्र त्यांनी परत घेतली नाही. आणि जमीरनं आवाज काढायचं सोडलं. कुणी आग्रह केला की म्हणायचा, घसा गेला.

आता आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. त्याआधी तिला सड्यावर जायचंय. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणतील? ती म्हणाली, डॉक्टरला कोण सांगतंय. भडंग बांधून घेतलाय, दादाला आवडायचा तो, भरपूर लसूण घातलेला. तेजल येणारेय, जावई बाळाला सांभाळतील. जमीरला आईनं स्वतः फोन केला. तो म्हणाला, काकी, लग्नाची ऑर्डर आहे.

मला राग आला. उद्या कुठलंही लग्न नव्हतं. त्याचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, त्याच्या ऑर्डरी मला पाठ असतात कारण त्याचे सगळे ॲम्प्लिफायर मीच दुरुस्त करतो. दुपारी माझं दुकान बंद करून त्याच्या गोडाऊनवर गेलो. तो स्पीकरच्या पेटीवर बसून वायरी गुंडाळत होता.

"आईला खोटं बोललास."

"बोललो."

"का?"

"मला नाही यायचं, राज्या. दुसरं काहीपण सांग."

"अरे, आईची शेवटची फेरी असेल ती. वर चढणं होणार नाही पुन्हा तिला. म्हणते, वाटेवर नाही बसायचं, जिथनं तो पहिल्यांदा बोलला तिथं जाऊन घडीभर बसायचंय. अण्णांना म्हणाली, तिथं एकदा गिनती घ्या."

जमीरचे हात थांबले.

"पहिल्यांदा बोलला तिथं?"

"हां. उंटाच्या दगडापाशी."

"डावीकडं."

"डावीकडंच."

त्यानं वायर खाली ठेवली. उठला, शटर अर्धं ओढलं, परत येऊन बसला.

"राज्या, उजवीकडचा मी होतो."

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"उजवीकडनं तीन म्हणणारा. तो मी होतो. काकी तिकडं जायला लागल्या, सर हाका मारतायत, त्या थांबत नाहीत. मला एवढंच कळलं की काकी त्या आवाजाकडं जातायत. म्हटलं आवाज इकडनं काढला तर इकडं येतील. दगड चाचपत मागं गेलो आणि काढला. दादाचा आवाज मी त्याआधी कधी काढला नव्हता. तो गेल्यावर तर नाहीच. पण आला."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. सहा आलं नव्हतं. वाचा बसली नव्हती त्याची. सहाच्या आधी तो तीन म्हणून झाला होता.

"मग लघवी?"

"तेव्हा सुचलं ते बोललो. मग उतरताना काकी काय म्हणत होत्या ऐकलंस ना. दोनदा भात घेतला त्यांनी. त्यात मी काय सांगू, की तो मी होतो?"

"सहा वर्षं तुला भित्रा म्हटलं मी."

"होतोच की. अजून आहे."

मला हसू आलं आणि मध्येच थांबलं. कारण मी आत्ता तिथंच पोचलो होतो जिथं तो मघापासून बसला होता.

"जमीर. डावीकडचा?"

"हां."

"पहिला. आणि दुसरा. तेव्हा तू माझ्या मागं होतास. सहा तर कानात म्हणालास."

"तुझा पट्टा माझ्या हातात होता."

"मग तो कोण?"

"मला काय माहीत." तो बोटांनी पेटीची जाळी उगाच कुरतडत होता. "अजून एक आहे. मी इकडनं तिसऱ्यांदा म्हटलं ना, तेव्हा तिकडनंपण आलं. एकदम. माझ्याबरोबर. माझ्या तोंडाला तोंड लावून."

"ते घुमलं. मला वाटलं घुमलं."

"घुमायला समोर काय पाहिजे? भिंत पाहिजे, डोंगर पाहिजे. तिकडं काय आहे? काहीच नाही. काकी थांबल्या तेव्हा. आठवतंय? कुठल्याकडं जावं ते कळत नव्हतं त्यांना. मग मी न थांबता परत म्हटलं. जोरात. घशातनं रक्त येईल असं."

बाहेरनं कुणीतरी शटर वाजवलं, "जमीरभाई, जनरेटर आहे का?" तो ओरडला, "नाही, उद्या या." पावलं गेली.

मी म्हटलं, "दादा असेल. खरंच असेल. आईला बघून..."

"नाही."

"तुला काय माहीत?"

"दादानं मला गाडी शिकवली. घाटात पहिल्यांदा माझ्या हातात दिली तेव्हा माझ्या बाजूला दरी होती. त्यानं मला उतरवलं, स्वतः बसला, दरी संपल्यावर परत माझ्याकडं दिली. तो माणूस आईला कड्याकडं बोलवेल?" जमीर थांबला. "म्हणून म्हणतो, तो दादा नव्हता. आणि त्याला सगळं माहीत होतं. तुमची गिनती माहीत होती. जागा मोकळी आहे हेपण."

अण्णांनी परत गिनती का घेतली नाही ते मला त्या वेळी कळलं, असं वाटलं. त्यांनीपण ऐकलं असणार, कुठनं आलं ते. त्यांनी कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

"आईला सांगू?"

"सांगून काय देणार आहेस तिला? जे आहे ते काढून घेशील."

"मग तिला नेलंच नाही तर?"

"ती एकटी जाईल. तुझ्या आईला तू ओळखत नाहीस का?"

ओळखतो. गुडघ्यांवर रांगत जाईल.

"तू चल," मी म्हटलं. "तुला जमतं."

"नाही, राज्या. मी परत तिथं तोंड उघडलं आणि माझ्याबरोबर ते आलं, तर पुढच्या वेळी माझ्या तोंडातनं कुणाचा आवाज निघेल मला सांगता येत नाही." हे तो जमिनीकडं बघून बोलला. थट्टेचा मागमूस नव्हता. "तूच म्हण. भाऊ आहेस. तुझा आवाज जातोय जवळ, जरा जाड आहे एवढंच. म्हणून बघ."

"इथं?"

"मग कुठं?"

गोडाऊनमध्ये, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून मी म्हटलं, "तीन."

"घाई करतोस. तो कंटाळायचा. जांभई आल्यागत."

"तीऽन."

"अजून आळशी. छातीतनं नाही, नाकातनं सोड."

"तीऽन."

जमीरनं डोळे पुसले. मग म्हणाला, "हां. झालं."

"मग पाच कोण म्हणेल?"

"पाच गप्प राहील. माझं सहा राहिलं होतं तसं. त्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही."

मी निघालो. शटरखालनं वाकून बाहेर पडलो तर तो मागनं आला, बाहेर उन्हात उभा राहिला, आणि माझ्या खांद्यावर, बरोबर जिथं सॅकचा पट्टा येतो तिथं, मूठ आवळून धरली.

"वाटेवर बसवायचं त्यांना. उजवीकडं, चुन्याच्या दगडापाशी. भडंग तिथंच ठेवा. दादाला चालेल."

"बसवतो."

"आणि ढग आला, आणि सरांच्या तोंडातनं एक निघालं, आणि तिकडनं आलं तर?"

मी म्हटलं, "जमीर, तिकडनं जेवढ्या वेळा येईल त्याच्याहून एकदा जास्त इकडनं येईल. शब्द देतो."